सैरबिनीतलं डर्बन

"खोटं! सगळं खोटं!"

काळ्या कापडाखालून आरोळी आली आणि जुलेखाच्या तोंडातली विलायत तोंडातच राहिली.

दिवेलागणीची वेळ. सोलापूरच्या गड्ड्याची जत्रा ऐन भरात आली होती आणि होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिळाच्या रेवड्यांचा वास, घासलेटचा वास, पाळण्यांची करकर, आणि या सगळ्यावर धुळीचा पडदा. त्या गर्दीत गैबीसाबची सैरबीन उभी होती. सैरबीन म्हणजे चार पायांवर ठेवलेली एक मोठी लाकडी पेटी, पुढच्या अंगाला गोल भिंगं बसवलेली. पैसा द्यायचा, काळं कापड डोक्यावर ओढायचं, भिंगाला डोळा लावायचा, की आत एकेक चित्र खाली उतरायचं. दिवसा वरचं झाकण उघडून उजेड घ्यायचा, संध्याकाळी मागून कंदील ठेवायचा. गैबीसाबला दमा होता, दोन वाक्यं बोलला की धाप लागायची. म्हणून दोऱ्या ओढायचं आणि बोलायचं काम त्याच्या लेकीकडे, जुलेखाकडे आलं होतं. पायात घुंगरू बांधून ती ताल धरायची आणि पार पाळण्यांपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची,

"या दादा, या बाई, डोळा लावा, विलायत बघा! आगबोट आली धूर सोडीत! राणीचा वाडा बघा, वाड्यावर घड्याळ बघा! लंकेचा राक्षस बघा, डोक्याला शिंगं, मडमेची गाडी वढतोय! घरी नेतोय का खाऊन टाकतोय, बघा!"

राक्षस आला की लोक हटकून हसायचे. आज हसू यायच्या आधीच ही आरोळी आली.

कापड भिरकावून एक तरुण बाहेर आला. गिरणीतून तडक आला असावा. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू होते आणि रागानं नाकपुड्या थरथरत होत्या.

"हे विलायत न्हाय," तो म्हणाला.

"मग काय तुमचं सासर हाय?"

गर्दी फिदीफिदी हसली. जुलेखाला तेवढंच हवं होतं. तिचं तोंड फटकळ, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर बिऱ्हाड करून असलेला.

"सासर न्हाय, माझं गाव हाय. डर्बन."

"हे कुटं आलं? अक्कलकोटाच्या अलीकडं का पलीकडं?"

"आफ्रिकेत. समुद्रापल्याड." तो आता तिच्याकडे न बघता पेटीकडे बोट दाखवून बोलत होता. "ते बंदर डर्बनचं. ती घड्याळाची इमारत डर्बनची. राणीनं ती डोळ्यानं बघितली बी न्हाय. आन त्यो राक्षस न्हाय, माणूस हाय. रिक्षा वढतो."

"माणूस? शिंगं हायती की त्याला!"

"लावलेली हायती शिंगं! गिऱ्हाईक यावं म्हणून लावतो." त्याची नजर खाली तिच्या पायांवर आली. "तुझ्या पायात घुंगरू हायती. ती काय तुझ्या पायाला उगवल्यात?"

आता गर्दी तिला हसली. जुलेखाचे कान तापले. जन्मात पहिल्यांदा गर्दी तिच्यावर उलटली होती, आणि याचाच तिला भयंकर राग आला.

"पुन्हा राक्षस म्हणलीस तर पेटी उलथीन," तो म्हणाला.

"हात तर लाव! हात लाव म्हणजे दाखवते कोण उलथतंय ते!"

गैबीसाब खोकत खोकत मधे पडला. तो तरुण तरातरा निघून गेला. जुलेखा हातात दोऱ्या घेऊन फणफणत उभी राहिली, आणि बघते तो काय, पेटीपुढे ही रांग! प्रत्येकाला ते भांडणातलं चित्र बघायचं होतं. गैबीसाबनं दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "बेटा, उद्या बी आला तर दगड मारू नगंस. बोलू दे त्याला."

तो दुसऱ्या दिवशी आला, आणि मग रोजच येऊ लागला. गिरणीचा भोंगा झाला की थोड्या वेळात गर्दीतून त्याचं कापूस पडलेलं डोकं दिसायचं. नाव मौलाली. तो आला की गैबीसाब बाकड्यावर जागा करायचा, आसपासचे चहावाले, रेवडीवाले मान उंचावून बघायला लागायचे, आणि जुलेखा मुद्दाम आवाज चढवायची,

"लंकेचा राक्षस बघा!"

"माणूस हाय त्यो! त्याचं नाव सिफो!"

"तुझ्या मावशीचा ल्योक का?"

"मावशीच्या पोरानं जे केलं न्हाय ते त्यानं केलंय! माझी आई तापानं फणफणली तवा भर पावसात त्यानं तिला दवाखान्यात वढत नेली. फुकट! तू काय वढलंस आजवर? दोऱ्या?"

"व्हय, दोऱ्याच वढते! तुझी जीभ मिळाली तर ती बी वढीन!"

लोक हसून हसून बेजार व्हायचे. आता खरं सांगायचं तर चित्रं डर्बनची होती हे जुलेखाला ठाऊक असण्याची सोयच नव्हती. कुणा साहेबाच्या घराच्या लिलावात गैबीसाबनं ती उचलली होती. खरेखुरे फोटो, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले. खाली इंग्रजी अक्षरं होती, पण त्यांच्यामुळे पुठ्ठा चौकटीत बसेना म्हणून गैबीसाबनं ती कातरीनं कापून टाकली. तेवढी पट्टी गेली आणि एका दमात शहराचं नाव गेलं. मग विलायत म्हणायला कुणाची हरकत होती?

फोटो तसे राखाडी, उदास. त्यात जीव आणला तो जुलेखानं. आईकडून शिकलेली कला होती ती. फोटोतल्या खिडक्या, दिवे, बोटीची गोल दारं बारीक सुईनं टोचायची, मागून पतंगाचा पिवळा, तांबडा कागद खळीनं चिकटवायचा. मागे कंदील ठेवला की दिवसाच्या फोटोत रात्र व्हायची आणि सगळं गाव दिव्यांनी पेटायचं. लोक 'आहा' म्हणायचे ते त्या दिव्यांना.

मौलालीला मात्र एकच फोटो हवा असायचा. बंदराचा. समोर आगबोट, काठाने फरसबंद रस्ता, रस्त्यावर बाकाशेजारी छत्री घेऊन उभी एक मडम, मागे गाव. तो फोटो उतरला की तो कापडाखालून म्हणायचा, "थांब. वढू नगंस दोरी."

"मागं लोक खोळंबल्यात!"

"खोळंबू देत."

आणि जुलेखा चरफडत थांबायची. त्या थांबण्यातच घोटाळा झाला. कंदिलाची वात सारखी करायला ती पेटीमागे वाकली, आणि फोटो आणि चौकट यांच्यातल्या फटीतून तिला पलीकडचं भिंग दिसलं. भिंगात त्याचा डोळा. एवढा मोठा... बोराएवढी बाहुली, पापणीवर कापसाचा एक तंतू अडकलेला. बाहेर जो माणूस सारखा वसवस करायचा त्याचाच हा डोळा, यावर तिचा विश्वास बसेना. हा डोळा भांडत नव्हता. तो नुसता बघत होता, आणि बघता बघता भरून येत होता.

जुलेखा सरळ झाली. हातातली वात खाली गेली आणि कंदील विझला.

"ए! अंधार केलास की!" आतून ओरड आली.

"वरडू नगंस... लावते," ती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला म्हणून ती पुन्हा चिडली.

त्या दिवसापासून वात सारखी करायची गरज तिला फारच वारंवार पडू लागली.

पण घरात, म्हणजे मैदानाच्या कडेला ठोकलेल्या त्यांच्या राहुटीत, वेगळंच शिजत होतं. जेऊर स्टेशनावर टांगा चालवणारा एक दूरचा नातलग होता. त्याच्यासाठी जुलेखाला मागणी आली होती. गैबीसाब घर बघून आला होता आणि आल्यापासून त्याच्या तोंडी दुसरं काही नव्हतं.

"दोन खणांचं घर. पुढं पडवी, मागं विहीर. नवा चुना लावलाय भिताडाला."

"आन माणूस कसा हाय?" शेजारच्या बांगडीवाल्या बिबीजान खालानं विचारलं.

"माणूस हाय की. घर लई ग्वाड हाय."

मुलगी द्यायची तर आधी घर बघायचं, ही त्यांच्यातली रीत. बापानं उंबरा ओलांडायचा, छप्पर बघायचं, पाणी बघायचं, शेजार बघायचा, मगच साखर वाटून लग्न ठरवायचं. घर न बघता गैबीसाबच्या घराण्यात कुणी लेक दिली नव्हती. गड्डा उठला की जेऊरकर साखर घेऊन येणार होते. त्यांची एकच अट होती, आमच्या घरची बाई जत्रेत घुंगरू बांधून ओरडणार नाही. म्हणजे सैरबीन विकायची.

"मला इचारलं का कुणी?" जुलेखा भाकरी थापता थापता म्हणाली. भाकरी नको तेवढी जोरात आपटली गेली.

"तुला काय इचारायचं? विहीर हाय म्हणतोय ना मी!"

जुलेखा विहिरीच्या नावानं दात ओठ खात राहिली. अब्बा म्हातारा, अब्बाला दमा, अब्बाची काळजी खरी. सगळं कळत होतं. पण आईनं शिकवलेली सुई, त्या चित्रांतलं ते लखलखतं गाव आणि भिंगातला तो डोळा, हे सगळं मोडीत घालून विहिरीचं पाणी शेंदायला जायचं, या विचारानं तिचं अंग पेटायचं.

आणि अशात बिबीजान खालानं काडी लावली. बांगड्या ओवता ओवता ती सहज म्हणाली, "त्यो गिरणीवाला रोज एकच तसबीर बघतोय म्हणं? अगं, त्यात ती छत्रीवाली मडम हाय न्हवं? बाप्यांचं काय सांगावं बाई... गोरी दिसली की डोळा हलत न्हाय."

जुलेखा हसली. पण हसू घशाखाली गेलं नाही. मडम! म्हणजे तो भरून आलेला डोळा त्या मडमेसाठी? आणि मी येडी वात सारखी करत बसते!

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर ऊन होतं, गिऱ्हाईक नव्हतं, अब्बाचा डोळा लागला होता. जुलेखानं बंदराचा फोटो चौकटीतून काढला, मांडीवर घेतला आणि सुई उचलली. आधी तिनं मडमेचा एक डोळा टोचला. मग दुसरा. मग तोंड, चांगलं रुंद. वरून दात म्हणून ओळीनं भोकं पाडली आणि मागे तांबडा कागद चिकटवला. तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटलं.

संध्याकाळी मौलाली आला, कापडाखाली गेला. बंदराचा फोटो उतरला. जुलेखा हात कमरेवर ठेवून वाट बघत राहिली. आता वसकन बाहेर येईल, आता पेटी उलथेल...

कापड हलायला लागलं. आतून एक आवाज यायला लागला. तो हसत होता! पोट धरून, खोकला येईपर्यंत हसत होता.

"त्या मडमेला काय केलंस?" डोळे पुसत तो बाहेर आला. "हडळ झालीय की तिची!"

"तुझ्या लाडकीची काळजी वाटली व्हय?"

"माझ्या... कुणाच्या?"

"रोज बघतोस तिला. थांब थांब म्हणून बघतोस. मला काय दिसत न्हाय?"

मौलालीचं हसू थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला उलगडा झाला असावा, कारण त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग काहीतरी गोड, आणि मग ते सगळं पुसून जुनाच राग.

"तिच्या शेजारी काय हाय, दिसतंय का तुला?"

"बाक हाय."

"त्यो बाक माझा बाप रोज झाडायचा. त्यो सगळा रस्ता झाडायचा. बाकावर बसायचं मात्र न्हाय, त्यो गोऱ्यांचा. एक दिवस छातीत कळ आली म्हणून टेकला, तर शिपायानं काठी लावून उठवला. बाप खाली फरशीवर बसला. तितंच गेला." त्यानं पेटीकडे बोट दाखवलं. "त्या मडमेला बघीन मी? तू निस्तं तोंड टोचलंस. माझ्या हातात सुई असती तर..."

गर्दी चालली होती, पाळणे करकरत होते, कुणीतरी शेंगा भाजत होतं. तिच्या हातातली दोरी घट्ट आवळली गेली होती.

"मग एक साहेब आला," तो पुढे म्हणाला. "म्हणला, तुमच्या देशाला जावा, तिकीट फुकट. आईला वाटलं, आपला देश... आलो. आजोबा मजुरीला तिकडं गेलेला, त्याचं गाव अक्कलकोटापल्याड. चुलत्यांना वाटलं, जमिनीत हिस्सा मागायला आले. म्हणले, आमचं माणूस तिकडंच मेलं, तुमी कोण आमाला म्हाईत न्हाय. दार लावून घेतलं. मग हितं गिरणीत आलो. आई एक उन्हाळा जगली. समुद्राचा आवाज येत न्हाय म्हणून तिला झोप लागायची न्हाय."

"मग... रोज काय बघतोस तू?"

तो बोटानं पेटीच्या कडेचा रंग खरवडत राहिला.

"बंदराच्या मागं, डाव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या खोल्यांची एक वळ हाय."

"व्हय. बारकी बारकी. मीच टोचल्यात तिच्या खिडक्या."

"ती आमची चाळ. झाडूवाल्यांची. तितं कधी दिवा नव्हता. अंधारात उठून जायचं, अंधारात यायचं. समोर सगळं गाव झगमग करायचं आन आमची वळ काळीकुट्ट. मी जन्मापास्नं तसंच बघितलं ते. आन हितं येऊन डोळा लावला..." त्यानं पेटीवर हात ठेवला. "पहिल्या दिवशी मी खोटं खोटं म्हणून वरडलो ना, ते तुझ्या विलायतेवर नव्हतं. आमच्या घरात दिवा हाय, ते बघून वरडलो. का लावलास? तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय," जुलेखा हळूच म्हणाली. "पत्र्याची का असंनात, घरं हायती म्हणल्यावर आत कोण तरी असंलच की... म्हणून लावला."

मागच्या गिऱ्हाइकानं "अवो बाई, हाय का झोपलात?" असं विचारलं तेव्हा कुठे तिनं दोरी ओढली.

दुसऱ्या दिवसापासून जुलेखाची विलायत संपली. आता ती ओरडायची, आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं ओरडायची,

"डर्बन बघा! हा बाक बघा, झाडणाऱ्यानं झाडायचा, बसणाऱ्यानं बसायचा! हा सिफो बघा, वाघ माणूस! त्यो शिंगं लावून पोट भरतो, आमी घुंगरू बांधून भरतो, हसणाऱ्यानं आधी आपल्या पायाकडं बघावं!"

लोक आता कमी हसायचे, पण भिंगाला डोळा जास्त वेळ लावायचे. एक म्हातारा विणकर बाहेर येऊन नुसतं "हितं तरी काय येगळं हाय," म्हणाला आणि पुन्हा पैसा देऊन कापडाखाली गेला. गैबीसाबला धडकी भरली होती. "हळू बोल, राज्य साहेबाचं हाय, पोलीस ऐकंल," तो म्हणायचा. जुलेखा आणखी एक पट्टी चढवायची. इतके दिवस तिचा राग उगाच इकडेतिकडे सांडत होता, आता त्याला ठिकाण सापडलं होतं.

मौलाली ऐकत उभा असायचा. भांडण मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. सवयच लागली होती.

"शिंगं बैलाची असत्यात का म्हशीची, ते सांगत न्हाईस तू," तो म्हणायचा.

"तुझ्या डोक्यावर लावून बघते, मग सांगते."

"गड्डा उठल्यावर कुणाशी भांडशील?"

जुलेखा दोरीला गाठ मारत होती. गाठ सुटेना, बसेना. "मी... जेऊरला जाणार हाय."

"मग मी जेऊरला येतो भांडायला."

"तितं माझा नवरा असंल."

तो थांबला. तिच्या घुंगरांकडे बघत म्हणाला, "मग आधी त्याच्याशी भांडतो."

तिनं वर पाहिलं. तो हसत नव्हता.

जत्रा उठायच्या दिवशी मौलाली धुतलेला सदरा घालून आला. आज त्याच्या केसांत कापूस नव्हता. गैबीसाब पेटीची भिंगं चिंधीत गुंडाळत बसला होता. मौलाली सरळ त्याच्यापुढे उभा राहिला.

"चाचा, जुलेखाला मला द्या. मी सांभाळीन. तुमाला बी, पेटीला बी."

गैबीसाबनं चिंधी खाली ठेवली. त्याला हा मुलगा आवडत होता, हेच तर दुखणं होतं. "बाबा," तो म्हणाला, "तुझं घर दाखव."

"गिरणीच्या खोलीत राहतो. आणखी माणसं हायती तितं."

"त्याला घर म्हणत न्हाईत. तुझं गाव कुठलं? तुझं दार कुठलं? उद्या लेक आजारी पडली तर मी कुठल्या उंबऱ्यावर येऊन बसू? घर बघितल्याबिगर आमच्यात लेक देत न्हाईत."

मौलालीचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग तो भडकला. भिंगाबाहेरचा, सगळ्या मैदानाला ठाऊक असलेला तो मौलाली.

"तिकडं म्हणले, तुमच्या देशाला जावा! देशात आलो तर म्हणले, तुमी कोण? आता तुमी म्हणताय, घर दाखव! कुठलं दाखवू? जे व्हतं ते समुद्रापल्याड राह्यलं! खिशात घालून आणायचं व्हतं का?"

तो वळला आणि चालू लागला.

"थांब!" जुलेखा अशी ओरडली की रेवडीवाल्याच्या हातातला तराजू हलला. "एक पाऊल टाकलंस तर बघ! आन अब्बा, तुमी उठा."

"कुटं?"

"घर बघायला."

तिनं चिंध्या सोडल्या, भिंगं पुन्हा बसवली. दोऱ्यांतून बंदराचा फोटो शोधून काढला. मडमेचं फाटकं तोंड तसंच होतं, असू दे. कंदील पेटवायला गेली तर पहिली काडी विझली. दुसरी पेटली. भोवती सगळे तंबू उतरत होते, मैदानावर संध्याकाळ उतरत होती. तिनं काळं कापड उचललं आणि बापाकडे बघितलं.

गंमत बघा, गैबीसाबनं उभ्या जन्मात आपल्याच पेटीला डोळा लावला नव्हता. हलवायानं जिलबी चाखत बसू नये, असं त्याचं म्हणणं. आज लेकीच्या डोळ्यांतला जाळ बघून तो मुकाट्यानं वाकला. कापडाखाली त्याचा दमेकरी श्वास घरघरत राहिला.

"लई दिवे हायती की गं," तो आतून म्हणाला. "तुझ्या आईची सुई..."

"ते सोडा. डाव्या कोपऱ्यात बघा. पत्र्याची वळ."

मौलाली होता तिथेच उभा होता. जुलेखानं दोरी धरली होती आणि ती काही केल्या सोडणार नव्हती.

"छप्पर पत्र्याचं," गैबीसाब म्हणाला. आवाज घर बघायला गेलेल्या बापाचा होता. "गळत असंल."

"पावसाळ्यात गळायचं," मौलाली पुटपुटला.

"पाणी?"

"वळीच्या टोकाला नळ व्हता."

"शेजार कसा?"

"एका अंगाला ईरम्मा म्हणून बाई व्हती. आई आजारी असली की आमाला जेवू घालायची."

"चांगला हाय शेजार." गैबीसाब खोकला, थांबला. "मधल्या खोलीत दिवा हाय. ही रातची येळ, सगळी वळ कष्टकऱ्यांची... दिवा कुणी लावला?"

मौलालीनं जुलेखाकडे बघितलं.

"मी लावला," ती म्हणाली.

कापड बाजूला झालं. गैबीसाब कण्हत सरळ झाला. त्याचे डोळे पाणावले होते आणि नेमकं तेच लपवायला त्यानं मोठा राग आणला.

"वा गं वा! बापाला न इचारता लोकाच्या घरात जाऊन दिवा लावून आलीस, आन आता मला घर दाखवतीस? आता मी न्हाय म्हणून काय उपयोग? जेऊरकरांना काय सांगू?"

"सांगा, घर बघून आलो म्हणून," बिबीजान खाला बांगड्यांच्या टोपलीआडून म्हणाली. हीच ती काडी लावणारी. पदरानं ती नाक पुसत होती.

गैबीसाब काहीतरी पुटपुटत राहुटीकडे गेला. जाता जाता थांबून मौलालीला म्हणाला, "पेटी जड हाय. सकाळी लवकर ये उचलायला. हिला न्हाय उचलत."

मैदान रिकामं होत चाललं होतं. कंदील अजून पेटीमागे जळत होता. मौलाली पुढे आला, वाकला, आणि कापड न घेताच भिंगाला डोळा लावला. जुलेखा पेटीमागे गेली. आता वात सारखी करायचा बहाणाही तिनं केला नाही. फटीतून तिला तो डोळा दिसला, पापणीवर आज कापूस नव्हता.

"अजून खोटं हाय का?" तिनं विचारलं.

डोळा मिटला, पुन्हा उघडला आणि या वेळी त्यानं दिव्याऐवजी तिच्याकडे बघितलं.

"न्हाय," मौलाली म्हणाला. "आता न्हाय."